केन सॉल्ट काय म्हणाला

कीली पॉडमोरनं वही छातीशी धरली आणि लिनच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, की केन सॉल्ट यांना पाच मिनिटं खाली बोलावता येईल का, गोदामाबद्दल एकच प्रश्न विचारायचाय.

लिन चीज घातलेला ओटकेक, ओटच्या पिठाचं इकडचं धिरडं, खात होती. तिनं तोंडातला घास सावकाश गिळला, बोटं कागदाला पुसली आणि वर पाहिलं.

"कोणाला?"

"केन सॉल्ट. गोदामाचे मुकादम."

"वारला तो. येत्या मार्चात तीन वर्षं होतील."

काहीतरी बोलायला हवं म्हणून कीली माफ करा म्हणाली. लिननं विचारलं, हे नाव तुला कुठं मिळालं? जुन्या फाइलीत होतं, असं कीलीनं सांगितलं. ते खोटं नव्हतं, आणि तसं खरंही नव्हतं. लिननं उरलेला ओटकेक कागदात गुंडाळून खणात ठेवला आणि ती पुन्हा बिलं लावायला लागली. टर्नॉकच्या पॉटरीत, चिनी मातीच्या भांड्यांच्या त्या कारखान्यात, हिशेबाचं सगळं काम तीच बघायची. पंचावन्नच्या आसपासची, मोजकं बोलणारी बाई.

ऑडिटवाल्यांना बसायला नमुन्यांच्या दालनामागची एक खोली दिलेली होती. तिथला हीटर नुसता आवाज करायचा, ऊब द्यायचा नाही. कीलीनं दार लावून घेतलं आणि लॅपटॉपवर स्वतःचंच पान उघडलं. गोदामातल्या मोजणीचं पान. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं: 'दि. ३१ डिसेंबर रोजी गोदामाचे मुकादम श्री. केन सॉल्ट यांच्याशी मी समक्ष बोलले. तडा गेलेला किंवा न खपणारा माल मोजणीत धरलेला नाही, असे त्यांनी सांगितले.' खाली तिच्या नावाची अक्षरं, के. पी.

म्हणजे तीन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाशी ती समक्ष बोलली होती. त्यानं तिला उत्तरही दिलं होतं.

झालं होतं ते असं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, गोदामात नाकाचा शेंडा बधिर होईल अशा थंडीत, तिनं यादीतले पंचवीस माल एकटीनं मोजले. बशांची खोकी, कपांची खोकी, एकेक उघडून, हात घालून. त्यात एकाचीही चूक नव्हती. गोदामातल्या वेनला घरी जायची घाई होती, संध्याकाळी त्याच्याकडे पार्टी होती, आणि कोणाशी काही बोलायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ऑफिसात येऊन तिनं सगळे करतात तेच केलं. मागच्या वर्षीचं पान उघडलं, तारीख बदलली, आकडे बदलले, बाकीचं तसंच ठेवलं. या धंद्यात याला कोणी चोरी म्हणत नाही. मागचं पान पुढं ओढणं म्हणतात, आणि नव्या पोराला दुसऱ्याच दिवशी शिकवतात.

पण पहिल्या दिवशी काय शिकवतात तेही तिला पाठ होतं. फर्मचा भागीदार माल्कम हीथ, ज्याची सही झाली की हिशेब पुरे होतात, तो त्या दिवशी नव्या पोरांसमोर उभा राहून म्हणाला होता, की इथं बेरीज चुकली तर माफ आहे, कॉफी सांडली तर माफ आहे. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहिलं, तर त्या दिवशी संध्याकाळी घरी जायचं ते परत यायचं नाही. आणि आज सकाळी त्याच माल्कमनं तिच्या पानाशेजारी प्रश्न टाकला होता: 'यात वरचा मजलाही आला का? सॉल्टला विचार.'

कीली अठरा वर्षांची होती. मागच्या उन्हाळ्यात शाळा संपली आणि युनिव्हर्सिटीच्या कर्जात न पडता ती थेट इथं लागली, पगार घेत घेत परीक्षा द्यायच्या. पॉडमोरांच्या घरात कामावर जाताना चांगला कोट घालणारं पहिलंच माणूस. तिची आई दुसऱ्या एका पॉटरीत कपांना कान चिकटवायची, वीस वर्षं तेच करत होती, आणि लेक हॅन्लीत ऑडिटला जाते हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा तिनं सांगून झालं होतं. तिचे उमेदवारीचे सहा महिने येत्या शुक्रवारी संपत होते. कायम करायचं की नाही, त्या फॉर्मवर तिची मॅनेजर रुथ शेनटन सही करणार होती. माल्कम टर्नॉकच्या हिशेबावर सही करणार होता गुरुवारी. आज मंगळवार होता.

तिनं मागच्या वर्षांच्या फाइली उघडल्या. गेल्या वर्षी फर्ममधलाच जॉश केन सॉल्टशी समक्ष बोलला होता. त्याच्या आदल्या वर्षी इमोजेन बोलली होती. तेच वाक्य, तोच स्वल्पविराम. तिनं बोटांवर महिने मोजले. इमोजेनच्या वेळीसुद्धा तो माणूस जाऊन नऊ महिने झाले होते. तिच्याही मागं एक वर्ष गेल्यावर त्याच वाक्याखाली अक्षरं दिसली आर. एस., आणि कीलीला जरा हायसं वाटलं. रुथ. तेव्हा केन सॉल्ट जिवंत होता. निदान एकीनं तरी खरोखर जाऊन विचारलं होतं.

रुथ तशीच होती. तीही कीलीच्याच शाळेतली, तिच्यासारखीच शाळेतून थेट आलेली, आणि सव्विसाव्या वर्षी मॅनेजर झालेली. तीच शाळेत येऊन म्हणाली होती, की त्या तिसऱ्या बाकावर मी बसायचे. पहिल्या महिन्यात कीलीचा बसचा पास तिनं गुपचूप आपल्या पैशानं काढला होता. सांगायचं तर तिलाच, असं ठरवून कीलीनं लॅपटॉप मिटला आणि ऑफिसला जायला हॅन्लीची बस पकडली.

रुथनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. केन सॉल्टचं नाव आलं तेव्हा ती उठली, दार लावलं आणि दाराला पाठ लावूनच उभी राहिली. कीलीची बोलणी खायची तयारी होती. बोलणी आलीच नाहीत.

"लिनला काय सांगितलंस?"

"जुन्या फाइलीत नाव होतं म्हणून."

"बरं केलंस. ते तसंच राहू दे."

मग ती खुर्चीत बसली आणि भराभर सांगायला लागली. नाव काढून टाक, नुसतं 'गोदामाचे मुकादम' लिही. माल्कमच्या प्रश्नापुढं लिही, की होय, वरचा मजला धरून. तो प्रश्न मी बंद करते. दोन मिनिटांचं काम आहे, जॉशनं केलं, इमोजेननं केलं, कोणाचं काही बिघडलं नाही.

"पण मी कोणालाच विचारलेलं नाही," कीली म्हणाली. "उद्या जाऊन वेनला विचारते ना. आजची नाही तर उद्याची तारीख घालते. चूक झाली म्हणून लिहिते."

"काही गरज नाही."

"वरच्या मजल्यावर तर मी गेलेही नाही."

"मी गेलेय," रुथ म्हणाली. "मी विचारलंय. पुरे आहे तेवढं."

तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. कीलीनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. रुथचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"हे बघ कीली. शुक्रवारी तुझा फॉर्म माझ्यापुढं येणार आहे. मला त्यावर डोळे मिटून सही करायचीय. माल्कमला हे कळलं तर तुझ्यासाठी मी काहीही करू शकणार नाही, तुलाही माहीत आहे. तिकडे पुन्हा जाऊ नकोस. उद्या इथंच ये."

घरी आईनं शुक्रवारचा बेत सांगितला. मासे आणि चिप्स आणायचे, शेजारच्या डोरीनला बोलवायचं, केकची ऑर्डर देऊन झाली होती. कीली हं हं करत राहिली. ताटातलं तिनं इकडचं तिकडे केलं आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या हाताला कितीही धुतलं तरी मातीचा वास यायचा, आणि त्या वासानं कीलीला रडूच फुटायची वेळ आली. रुथचं ऐकलं तर काहीच होणार नव्हतं, हेच तिला सोसेना. नाव तेवढं गेलं असतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या अक्षरांवर तसंच राहिलं असतं. पुढच्या वर्षीच्या पोरानं तेही ओढलं असतं.

बुधवारी सकाळी ती हॅन्लीच्या नाही, टर्नॉककडे जाणाऱ्या लाँगटनच्या बसमध्ये बसली. रुथला काही कळवलं नाही.

वेन गोदामाच्या तोंडाशी माल उचलायच्या यंत्रानं खोकी उतरवत होता. तिनं विचारलं, वरच्या मजल्यावरचा माल मोजणीत धरलाय का, आणि तो चांगला आहे का. वेननं यंत्र बंद केलं आणि टोपी मागं सारली. तीन वर्षं मी मुकादम आहे, म्हणाला, मला हे आजवर कोणी विचारलं नाही. दर वर्षी तुमच्यातलं एक पोर येतं, खालची खोकी मोजतं आणि पळतं. मी वर जात नाही. किल्ली लिनकडे असते.

"लिनकडे का?"

"केनची होती ना ती. तो गेल्यावर तिनं ती परत दिली नाही, आणि मालकसाहेबानं मागितली नाही." वेननं तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याची बायको ती. तुला कोणी सांगितलं नाही होय?"

कीलीला कोणी सांगितलं नव्हतं. काल आपण नवऱ्याला पाच मिनिटं खाली बोलवायला सांगितलं, कोणाला, तर या बाईला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिन एकटीच होती. कीली बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं, की काल मी तुम्हाला पुरतं खरं सांगितलं नाही. नाव जुन्या फाइलीत होतं, पण मी ते माझ्या पानावर घेतलं. एकतीस डिसेंबरला मी त्यांना भेटले आणि त्यांच्याशी बोलले असं लिहिलं. माझ्याआधी दोघांनी तेच लिहिलं, पण ते त्यांचं. माझं मी केलं. तुम्ही त्यांच्या कोण हे मला आत्ता कळलं.

लिननं चष्मा काढला. बाहेर वेनचं यंत्र सुरू झालं आणि दूर गेलं.

"मग," लिन म्हणाली, "काय म्हणाला तो?"

कीलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तीन वर्षं तुमच्याशी बोलतोय तो. माझ्याशी नाही बोललेला. काय म्हणाला ते तरी सांग."

कीलीनं लॅपटॉप उघडला. तिनं ते वाक्य वाचून दाखवलं. तडा गेलेला किंवा न खपणारा माल मोजणीत धरलेला नाही, असे त्यांनी सांगितले.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. लिनचा चेहरा लाल झाला. रडेल असं कीलीला वाटलं होतं, पण ती चिडली होती.

"हे केन नाही बोललेला. केन हे बोलूच शकत नाही. वरचा मजला भरून तडकलेल्या किटल्या आहेत, त्या हॉटेलवाल्यांनी परत पाठवलेल्या. फोडून टाका म्हणून तो दोन वर्षं साहेबाच्या मागं लागला होता. साहेब म्हणे, राहू दे, कागदावर चांगल्या दिसतात. घरी येऊन जेवायचा नाही माणूस."

"मग त्यांनी हे कोणालाच..."

"सांगितलं ना. शेवटच्या डिसेंबरात तुमची एक मुलगी आली होती, तुझ्याएवढीच, चार-दोन वर्षांनी मोठी असेल. तिला वर घेऊन गेला. दोन तास तिला दाखवत होता. त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. म्हणाला, लिन, पोरगी हुशार आहे, सगळं लिहून घेतलं तिनं." लिननं चष्मा पुन्हा घातला. "मला वाटायचं, लिहिलं असेल आणि तुमच्याकडेच कुठं दाबलं असेल. म्हणून मी गप्प बसले. हे बाहेर आलं तर कारखाना बसेल, आणि ऐंशी माणसं आहेत इथं, मीही त्यातलीच. पण तुम्ही हे त्याच्या तोंडी घातलंत. माझं काय व्हायचं ते होवो, त्याच्या तोंडी हे घालू नका."

आर. एस. ही दोन अक्षरं कीलीच्या डोळ्यांसमोर होती आणि ती जाईनात. तिसऱ्या बाकावर बसणारी, बसचा पास काढून देणारी. त्या वर्षी रुथच्याही बढतीचं ठरायचं होतं, हे रुथनंच कधीतरी हसत सांगितलं होतं.

"त्या मुलीला ओळखतेस तू?" लिननं विचारलं.

"हो," कीली म्हणाली. "किल्ली घेता का?"

वरच्या मजल्यावर छताच्या काचांतून मळकट उजेड येत होता. खोकी भिंतीपासून भिंतीपर्यंत होती. लिननं एक उघडलं, किटली काढली आणि नखानं टिचकी मारली. चांगली किटली घंटेसारखी वाजते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ही नुसती थप्प वाजली. दुसरी तशीच. कीलीनं तिसरी हातात घेतली आणि विचार न करता उलटी केली. या भांड्यांच्या गावचं, स्टोकचं माणूस लग्नाच्या जेवणातही बशी उलटी करून कारखान्याचा छाप बघितल्याशिवाय राहत नाही. छापाखाली निळ्या खडूनं मारलेली एक फुली होती. तिनं पुढचं खोकं उघडलं. तिथंही प्रत्येकीच्या तळाला फुली.

"त्यानंच मारल्यात," लिन म्हणाली. "चुकून कोणी विकू नये म्हणून. रविवारी येऊन मारायचा." तिनं एका फुलीवरून अंगठा फिरवला, खडू पुसला जाईल म्हणून लगेच काढून घेतला.

कीलीनं खोकी मोजली. दोनशे बारा. लिनच्या सांगण्यावरून नाही, स्वतः, प्रत्येक ओळ दोनदा. वीस खोकी तिनं उघडून पाहिली. मग एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून तिनं जुनं वाक्य काढून टाकलं आणि नवीन लिहिलं. ३१ डिसेंबरला मी कोणाशीही बोलले नव्हते. आधी लिहिलेलं वाक्य मागच्या वर्षीच्या पानावरून घेतलेलं होतं आणि ते खोटं होतं. श्री. केन सॉल्ट सुमारे तीन वर्षांपूर्वीच वारले आहेत. आज श्रीमती लिन सॉल्ट यांच्याबरोबर वरच्या मजल्यावर गेले, खोकी दोनशे बारा, उघडलेली वीस, त्यांतला सगळा माल तडकलेला, पण मोजणीत चांगला म्हणून धरलेला. त्या मुलीबद्दल तिनं काही लिहिलं नाही. खडूबद्दलही लिहिलं नाही, त्यासाठी पानात जागा नसते. खाली आपली अक्षरं घातली. त्याखालचा चौकोन तपासणाऱ्याचा होता आणि तो रुथचा होता. रुथनं तिथं अक्षरं घातल्याशिवाय पान माल्कमपर्यंत जात नाही. तिनं मनात आणलं तर ते परत पाठवता येतं, पुसता येतं, आणि पुसणाऱ्या कीलीला शुक्रवारी केक कापता येतो.

तिनं पान पाठवलं.

लिन खिडकीपाशी उभी राहिली. दहा मिनिटांनी फोन वाजला. नाव बघून कीलीनं तो तसाच वाजू दिला, मग कानाला लावला.

"वाचलं," रुथ म्हणाली. मग पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"रुथ?"

"निळ्या फुल्या आहेत का गं अजून?"

कीलीनं हातातल्या किटलीकडे पाहिलं.

"आहेत. सगळ्यांवर."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग तू लिहिलंयस तेच राहू दे," रुथ म्हणाली. "मी अक्षरं घातलीत. आता माझं सांगायला माल्कमकडे जातेय. तू तिथंच थांब, आणि लिन असेल तर तिला सांग, दुपारी मी येतेय म्हणून."